ग्रंथपालाने आणखी काय शिकावे?



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून सर्वांना उद्देशून चार गोष्टी सांगाव्यात असा प्रघात आहे. परंतु पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राकडे वळण्याचा मानस असलेले आणि ते शिक्षण घेत असलेले काही विद्यार्थी या मंडपात बसले आहेत असे समजल्यावर, ज्याने आपली सारी उमेद वऱ्हाडातल्या ग्रंथालयांत खर्ची घातली त्या माझ्यासारख्या माणसाला त्यांच्याशीच अधिक बोलावेसे वाटले, तर इतरांनी राग मानू नये. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या विद्याशाखेबाहेरचे विषय घेणे आवश्यक केले आहे, आणि पुढील वर्गांतही विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे अशी मुभा कमीअधिक मिळते. या ‘ओपन इलेक्टिव्ह’ची निवड बहुधा कशी होते, हे आपण सारे जाणतो. तास कोणत्या वेळेला आहे, गुण कोण सढळ हाताने देतो आणि सोबत्याने काय घेतले, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की अर्ज भरला जातो. इतरांचे यात काय बिघडते ते मी सांगू शकत नाही. भावी ग्रंथपालाचे मात्र फार बिघडते.

आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचा पाया ज्यांनी घातला ते शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपालपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्या एकाकी, निरुद्योगी खुर्चीला ते इतके विटले की काही दिवसांतच परत वर्गावर जाण्यासाठी त्यांनी खटपट सुरू केली. पुढे लंडनला जाऊन त्यांनी या शास्त्राचे शिक्षण घेतले, आणि 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत व 1933 साली द्विबिंदू वर्गीकरण त्यांच्या हातून प्रसिद्ध झाले. मोजक्या गृहीतांवरून साऱ्या व्यवहाराचे नियम निगमनाने काढावेत, आणि कोणत्याही विषयाचे मूलघटकांत पृथक्करण करून त्यांची चिन्हांनी पुन्हा जुळणी करावी, ही दृष्टी त्यांना गणिताने दिलेली होती. ग्रंथालयशास्त्राबाहेरची विद्या त्यांनी दाराबाहेर काढून ठेवली असती, तर ग्रंथालयशास्त्रच दरिद्री राहिले असते.

मोठ्या शहरांतील विद्यापीठीय ग्रंथालयांत कामाची वाटणी असते. हस्तलिखितांना एक जाणकार, नियतकालिकांना दुसरा, विज्ञानाला तिसरा. तालुक्याच्या गावी ही चैन नाही. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली गावचे सुपुत्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना 1967 साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला, आणि त्याच्या आधाराने गावोगाव उभ्या राहिलेल्या किंवा तगलेल्या ग्रंथालयांतून ग्रंथपाल, सूचिकार, कारकून आणि वाचकाचा सल्लागार हे सारे बहुधा एकच मनुष्य असतो. तुमच्यापैकी पुष्कळांची नोकरी अशाच ठिकाणी लागणार आहे. म्हणून निवडीची माझी कसोटी साधी आहे: उद्या आपल्या मेजापुढे कोण येऊन उभा राहील आणि त्याच्या हातात काय असेल, याचा विचार करून आज विषय घ्यावा.

समजा, त्याच्या हातात पोथी आहे. आपला यवतमाळ जिल्हा या बाबतीत श्रीमंत आहे. डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले, आणि यवतमाळच्या शारदाश्रमात जुन्या हस्तलिखितांचा संग्रह उभा राहिला. महानुभावांचे रिद्धपूर तर आपल्या लगतच्याच जिल्ह्यात. छापील पुस्तकाची नोंद शीर्षकपृष्ठावरून होते; पोथीला शीर्षकपृष्ठच नसते. ग्रंथनाम, कर्ता, लेखनिक आणि काल शोधायचा तो अखेरच्या पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात, आणि कालही बहुधा शकात दिलेला असतो. शकात 78 मिळवले म्हणजे इसवी सन येतो खरा, परंतु पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष उलटत असल्याने त्यापुढील फाल्गुनापर्यंतच्या तिथींना 79 मिळवावे लागतात, एवढी गोष्ट ठाऊक नसली तरी सूचीत एक वर्षाची चूक कायमची बसते. आणि महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले असल्यामुळे, अक्षरे देवनागरी दिसूनही अर्थ लागत नाही, असाही प्रसंग येतो. इतिहास किंवा प्राचीन मराठी हा विषय ज्याने घेतला आहे, तो अशी पोथी बाजूला सारणार नाही.

पोथीपेक्षाही अधिक वेळा येतो तो कागदांचा गठ्ठा. एक वृद्ध शेतकरी तांबड्या फडक्यात बांधलेले आजोबांचे खरेदीखत घेऊन आमच्या ग्रंथालयात आले होते. तलाठ्याकडे, वकिलाकडे, सगळीकडे जाऊन आले होते, पण मोडी वाचणारा कोणी भेटला नव्हता. आमच्याकडचे एक वयस्क लेखनिक मोडी जाणत. आधी पानभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेला तो मजकूर, ज्यात इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद नाही, त्यांनी संदर्भाच्या आधाराने शब्द शब्द सोडवत सावकाश वाचून दाखवला, आणि चतुःसीमेचा दाखला ऐकताना म्हाताऱ्याने दोन वेळा ‘पुन्हा वाचा’ म्हटले. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष अंमलाखाली होते, त्यामुळे जुन्या जमाबंदीच्या दप्तरांत फसली, म्हणजे महसुली, सन आढळतो, आणि 1905 पूर्वीच्या इंग्रजी कागदांत आपल्या जिल्ह्याचे नाव यवतमाळ नसून वूण असे येते. ज्याला हे माहीत नाही तो ‘या काळातले आपल्या जिल्ह्याचे काही उपलब्ध नाही’ असे प्रामाणिकपणे सांगून वाचकाला परत पाठवतो, आणि पुस्तक तर त्याच कपाटात असते!

आता दुसरा वाचक पाहा. हा मला अधिक अस्वस्थ करतो. 2017 सालच्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यातील शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या वेष्टनावर विषाच्या तीव्रतेप्रमाणे तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. तांबडा सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. त्याखालच्या सूचना इतक्या बारीक टायपात असतात की फवारणाऱ्याने त्या शेतात उभ्याने वाचाव्यात, ही अपेक्षाच क्रूर आहे. त्याचा मुलगा मात्र तुमच्या वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येतो. ज्या ग्रंथपालाने वनस्पतिशास्त्राचा वा रसायनाचा एखादा पेपर मन लावून केला आहे, तो त्या रंगांचा अर्थ मोठ्या अक्षरांत लिहून हंगामापूर्वी दाराशी लावील, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका मागवील, त्यांतली जुनी शिफारस कोणती आणि चालू कोणती हे पारखील. वर्गीकरणाच्या तक्त्यांत शेतीला क्रमांक आहे. ही पारख त्या क्रमांकात नाही.

याच रसायनाचा उपयोग कागदालाही आहे, हे जाता जाता सांगतो. लाकडाच्या लगद्याचा कागद त्यातील आम्लामुळे पिवळा पडून तुकडे तुकडे होतो, आणि कापसाच्या चिंध्यांचा जुना हातकागद शतके टिकतो. कापूस पिकवणाऱ्या मुलुखातल्या ग्रंथपालाला याचे कारण ठाऊक असायला हवे.

आणि बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीचे काय? त्या समाजाचे तीर्थक्षेत्र पोहरादेवी येथून दूर नाही; भोवतालच्या तांड्यांतून सेवालाल महाराजांची भजने, लग्नातली गीते, वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या हकीकती अजून जिवंत आहेत. जनगणनेच्या कोष्टकांत मात्र ही बोली हिंदीच्या पोटात घातली जाते, आणि सूचिकारही तोच कित्ता गिरवतो. भाषाविज्ञानाचा किंवा लोकसाहित्याचा विषय घेतलेला विद्यार्थी ध्वनिमुद्रण कसे करावे, उच्चार देवनागरीत कसे टिपावेत, गाणाऱ्या बाईचे नाव आणि तांड्याचे नाव नोंदीत का घालावे, हे शिकून येईल. तांड्यावरून येणाऱ्या आपल्या मुलींपैकी कोणी हे काम अंगावर घेतले, तर ते बाहेरच्या कोणाही संशोधकापेक्षा सरस होईल, अशी माझी खात्री आहे.

संगणकाविषयी मला नेहमी विचारले जाते. संगणक अवश्य शिकावा. पण तो ग्रंथालयशास्त्राच्या स्वतःच्या अभ्यासक्रमात आहेच. जे घरात मिळते तेच बाहेरून पुन्हा आणण्यात बाहेर जाण्याची मुभा वाया जाते. तसेच चार विषयांना नुसता स्पर्श करण्यापेक्षा एकाच विषयाची मालिका, सत्रामागून सत्र, पुढे नेता आली तर न्यावी.

अर्जाची मुदत संपण्याआधी त्या त्या विभागाच्या प्राध्यापकांना भेटा आणि त्यांच्या एकदोन तासांना मागच्या बाकावर बसू देण्याची विनंती करा. प्राचार्यांनाही माझी एक जाहीर विनंती आहे: पुढील वर्षी मोडी लिपीचा वर्ग या महाविद्यालयात सुरू करण्याचा विचार व्हावा. सरावासाठी कागद दूरवरून आणावे लागणार नाहीत. येथे बसलेल्या पालकांपैकी कित्येकांच्या घरच्या पेट्यांत ते आहेत, आणि त्यांच्या प्रती महाविद्यालयाला द्याव्यात, अशी मी आजच, या मंडपातच, त्यांच्याकडे मागणी करतो.