भास आणि भासणे



माझे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतच अधिक झाले. तेव्हा शब्दार्थावर बोलण्याचा माझा अधिकार पंडिताचा नव्हे; तो शब्द ज्यांना ऐकून घ्यावा लागतो, त्यांच्यातल्या एकाचा आहे. शब्द आहे ‘भास’.

संस्कृतात ‘भास्’ म्हणजे प्रकाशणे, ‘भास्कर’ त्यातलाच. जे प्रकाशते ते दिसते. पण दिसते ते सारे असतेच असे नाही. भ्रम याहून निराळा. अंधारात दोरीला साप समजलो, तर तो भ्रम. तेथे निदान दोरी असते. काहीच नसताना साप दिसला, तर तो भास. मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘निर्वस्तुभ्रम’ म्हणतात.

माझे वडील मुंबईच्या गिरणीत मागावर होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि पुढे त्यांची गिरणी कायमची बंद पडली. तरी पहाटे ते दचकून उठत. ‘भोंगा झाला,’ म्हणत. मग स्वतःच म्हणत, ‘छे, भास झाला.’ तो त्यांचा भास होता आणि निवाडाही त्यांचाच होता.

दुसरा प्रसंग एका शीतगृहातला. नवा कामगार म्हणाला, ‘अमोनियाचा वास येतो.’ साहेब म्हणाले, ‘तुला भास होतो. बाकी कुणाला येत नाही.’ बाकीच्यांना खरोखरच येत नव्हता. सतत त्या वासात राहून नाक मरते. आम्ही तांबडा लिटमस कागद ओला करून नळाच्या सांध्याशी धरला. तो निळा झाला!

आता याच शब्दाचे क्रियापद पाहा. महिनाअखेरीस पैशांची चणचण ‘भासते’, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई ‘भासते’. ही चणचण खोटी आहे काय? भासणे म्हणजे जाणवणे. जाणवलेले खरे की खोटे, हे तो शब्द ठरवीत नाही. ते तपासावे लागते.

ज्याला खरोखरच नसलेले आवाज ऐकू येतात, त्यालाही हसू नये. त्याचे ऐकणे त्याच्यापुरते खरे असते. त्याला डॉक्टर हवा, टवाळी नको.

म्हणून माझे सांगणे एवढेच : ‘मला भास झाला’ असे ज्याचे त्याने खुशाल म्हणावे. ‘तुला भास होतो’ म्हणणाऱ्याने मात्र आधी कागद ओला करून सांध्याशी धरावा.