सूर्य मावळल्यावरची वीज



नांदेड ओलांडून गोदावरी तेलंगणात शिरते आणि पुढं तिच्या काठाला रामगुंडम लागतं. कोळशाच्या खाणींचा मुलूख. इथं एनटीपीसीचं २,६०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे आणि त्याला लागणारं पाणी साठवणारा मोठा जलाशय आहे. २०२२ सालापासून या जलाशयाच्या सुमारे ५०० एकर पाण्यावर १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प तरंगतो आहे. पॅनेल तरंगतात हे समजू शकतं. पण इथं इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरसुद्धा फेरोसिमेंटच्या तराफ्यांवर बसवले आहेत. वाऱ्यानं हा पसारा भरकटू नये म्हणून तळाशी काँक्रीटचे जड ठोकळे सोडून त्यांना तो बांधला आहे.

हा खटाटोप कशासाठी? एक मेगावॅट सौर विजेला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. पाण्यावर गेलं की कुणाचं शेत मागावं लागत नाही, कोर्टकचेरी टळते. शिवाय पॅनेल जितकं तापतं तितकी त्याची वीज घटते. खाली पाणी असलं की ते थोडं थंड राहतं. सावलीमुळं बाष्पीभवनही कमी होतं. वर्षाला सुमारे ३२ लाख घनमीटर पाणी वाचेल असा अंदाज आहे.

मला मात्र या प्रकल्पात दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जलाशय आधीचाच होता. विजेच्या वाहिन्या, उपकेंद्र आणि ते चालवणारी अनुभवी माणसं, हेही सगळं आधीचंच. कोळशानं उभं केलेलं वैभव सूर्याच्या कामी आलं. एनटीपीसीच्या हरित ऊर्जेची सगळी गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच आहे.

ही कंपनी १९७५ साली स्थापन झाली, ती नॅशनल थर्मल पॉवर कॉर्पोरेशन या नावानं. सिंगरौलीचं पहिलं युनिट १९८२ साली सुरू झालं. आज देशातली सुमारे पाव वीज हा समूह बनवतो, आणि त्यातली बहुतेक कोळशापासून. आपल्याकडं मौदा आणि सोलापूरची केंद्रं त्याच कंपनीची.

२०१० साली केंद्रानं राष्ट्रीय सौर मिशन सुरू केलं, तेव्हा सौर विजेचा सरकारनं ठरवलेला दर होता युनिटमागं जवळजवळ १८ रुपये. राज्यांच्या वीज कंपन्या या दरानं कशाला घेतील? मग एक शक्कल निघाली. एनटीपीसीच्या केंद्रांतली काही वीज केंद्र सरकार कुणाला कायमची न वाटता स्वतःच्या हातात ठेवतं. सौर विजेच्या प्रत्येक मेगावॅटला या कोट्यातला कोळशाचा एक मेगावॅट जोडायचा आणि दोन्ही मिळून एका दरानं विकायची. कोळशाचं केंद्र रात्रंदिवस चालतं, सौर केंद्र काही तासच. म्हणजे मिश्रणात युनिटं बहुतेक कोळशाचीच. आंबेमोहोरात मूठभरच आंबेमोहोर, बाकी साधा तांदूळ. पण भाव परवडला, वीज खपली आणि कारखानदारांना धीर आला. २०१७ साली राजस्थानातल्या भडल्याला निविदेतला दर २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. चीनमध्ये पॅनेल स्वस्त झाली हे त्याचं मोठं कारण, हे खरंच. तरी सुरुवातीची खडतर वर्षं या उद्योगानं काढली, त्यात कोळशाच्या या आधाराचाही वाटा होता, आणि तो फारसा कुणी मोजत नाही.

आता २०३२ पर्यंत ६०,००० मेगावॅट अपारंपरिक विजेचं उद्दिष्ट कंपनीनं ठेवलं आहे. त्यासाठी २०२२ मध्ये एनटीपीसी ग्रीन एनर्जी ही वेगळी कंपनी काढली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिनं भागविक्रीतून १०,००० कोटी रुपये उभे केले. आपल्यापैकी काहींनी ते शेअर घेतलेही असतील. मेगावॅटचे असे आकडे ऐकताना एक हिशेब मनात असू द्या. १०० मेगावॅटचं सौर केंद्र वर्षाची सरासरी काढली तर २० ते २५ मेगावॅटच्या आसपास येतं. रात्र असते, ढग असतात, पावसाळा असतो.

कच्छमध्ये खावड्याजवळ, सरहद्दीलगतच्या खारट ओसाड जमिनीवर, ३०,००० मेगावॅटचं ऊर्जा संकुल उभं राहतं आहे. त्यात एनटीपीसीच्या वाट्याला ४,७५० मेगावॅटचा सौर पार्क आला आहे. तिथं ऊन आणि जागा भरपूर, वीज वापरणारं मात्र आसपास कुणी नाही. ती बाहेर नेण्याच्या वाहिन्यांपैकी ६,००० मेगावॅटची एक थेट नागपूरपर्यंत आखली आहे. सौर केंद्र दीड-दोन वर्षांत उभं राहतं. वाहिनीला वेळही जास्त लागतो आणि भांडणंही जास्त होतात. जैसलमेरकडं उडणारे माळढोक तारांवर आपटून मरू लागले, म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडं सोपवला. नान्नजच्या माळावर हा पक्षी शोधून थकलेल्या सोलापूरकरांना यातली कळकळ वेगळी सांगायला नको.

आता मुख्य अडचणीकडं येऊ. दुपारी सौर वीज इतकी येते की कोळशाच्या केंद्रांना उत्पादन कमी करावं लागतं. संध्याकाळी सूर्य मावळतो, घरोघरी दिवे, पंखे, एसी लागतात आणि त्याच केंद्रांना तासा-दोन तासांत झपाट्यानं वर यावं लागतं. ती यासाठी बांधलेलीच नाहीत. बॉयलरच्या आणि टर्बाइनच्या जाड धातूला रोजचं तापणं-निवणं मानवत नाही, भेगा पडतात, आयुष्य घटतं. फार खाली उतरलं तर ज्योत टिकवायला तेल जाळावं लागतं. २०१८ साली एनटीपीसीनं दिल्लीजवळच्या दादरी केंद्रात एक युनिट ४० टक्क्यांपर्यंत खाली आणून पाहिलं. हे जमतं, पण खर्च येतो. २०२३ च्या नियमांनी आता सर्वच कोळसा केंद्रांना टप्प्याटप्प्यानं तिथवर उतरायला सांगितलं आहे. तो खर्च शेवटी तुमच्या-आमच्या बिलात येणार. सौर वीज दोन-अडीच रुपयांना पडते असं कुणी सांगितलं, तर ती दुपारची किंमत आहे असं समजावं.

यावर उपाय आहेत. शेतीपंप दिवसा चालवणं हा त्यातला सर्वांत सोपा, आणि महाराष्ट्रात सौर कृषी वाहिनी योजनेतून तो सुरूही आहे. रात्री विंचूकाट्यात दारं धरायला जाणं त्यानं टळतं, हा वेगळाच फायदा. दुसरा उपाय, दुपारच्या विजेनं पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. आपलं घाटघर २५० मेगावॅटचं, तसंच. एनटीपीसीच्या समूहातल्या टीएचडीसीचा टिहरीला १,००० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे. तिसरा उपाय बॅटरीचा. केंद्रीय वीज प्राधिकरणानं २०२५ च्या फेब्रुवारीत सुचवलं की नव्या सौर निविदांत निदान १० टक्के क्षमतेची, दोन तास पुरेल इतकी साठवण मागावी. म्हणजे १०० मेगावॅटच्या प्रकल्पामागं १० मेगावॅट, तेही दोन तास. दिवेलागणीपासून निजानीजेपर्यंतच्या उरलेल्या विजेसाठी मौदा आणि सोलापूरची धुराडी अजून बरीच वर्षं लागतील.