खाणीतून आलेला शेअर

महापेच्या ऑफिसात जर्मन क्लायंटच्या पेरोलवर काम करताना एक शब्द भेटला: बेलेगशाफ्ट्सआक्टिए. म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणारा कंपनीचा शेअर. कॉर्पोरेटवाल्यांनी घडवला असेल? छे! ‘बेलेगशाफ्ट’ मूळचा खाणकामगारांचा: एका खाणीवर लावलेली सगळी माणसं. ‘आक्टिए’ डचमधून आला, मूळ लॅटिन ‘आक्तिओ’, दावा सांगायचा हक्क. आपला ‘भागीदार’ही जोडलेलाच की, संस्कृत ‘भाग’ला फारसी ‘दार’.

दावा आठवला, कारण पहिल्या कंपनीत मलाही ईसॉप मिळाले होते. आईला फोन करून ‘मालक झालो’ म्हटलं. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली. आपल्याकडे ईसॉपवर हक्क लागायला किमान १ वर्ष जावं लागतं. पत्राच्या चौथ्या पानावर तसं लिहिलेलं. मी पहिलंच वाचलं होतं.

आई अजून विचारते, “मालक, भाडं भरलंत का?”