पाच किलोमीटरचे अंतर

आफ्रिका खंडाच्या नकाशावर मध्यभागी बोट ठेवले, तर ते मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशावर किंवा त्याच्या अगदी शेजारी पडते. बांगी ही त्याची राजधानी. ऊबांगी नदीच्या अलीकडच्या काठी हे शहर, तर पलीकडच्या काठी काँगो. या शहरातील एका वस्तीला ‘पीके-५’ म्हणतात. शहराच्या केंद्रापासून पाचव्या किलोमीटरवर ती आहे, एवढाच त्या नावाचा अर्थ. मुसलमान व्यापाऱ्यांची पेठ म्हणून ती प्रसिद्ध. परंतु तेथे ख्रिस्ती कुटुंबेही नांदत होती आणि सगळे शहर तेथे खरेदीला येत असे. २०१३ च्या डिसेंबरनंतर मात्र हे पाच किलोमीटर ओलांडणे म्हणजे जिवावर उदार होणे, अशी स्थिती झाली.

देश विस्ताराने खुद्द फ्रान्सहून मोठा. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. भूमीत हिरे आणि सोने, दक्षिणेत घनदाट अरण्य. फ्रेंचांची सत्ता गेली ती १३ ऑगस्ट १९६० रोजी. पण स्वातंत्र्यचळवळीचे नेते बार्तेलेमी बोगांदा तो दिवस पाहू शकले नाहीत. २९ मार्च १९५९ रोजी विमान अपघातात त्यांचा अंत झाला. मूळचे कॅथलिक धर्मगुरू असलेल्या या पुरुषाने आपल्या देशाला एक बोधवाक्य दिले. ते सांगो भाषेत आहे आणि देशातील बहुतेकांना ही भाषा समजते. ‘झो क्वे झो’, म्हणजे प्रत्येक माणूस हा माणूस आहे. राष्ट्रचिन्हावर ते आजही कोरलेले आहे. मात्र त्याच राष्ट्रचिन्हाखाली बोकासा यांनी सत्ता बळकावली आणि १९७७ मध्ये दरिद्री प्रजेच्या खर्चाने स्वतःला सम्राट म्हणून अभिषेक करवून घेतला.

ईशान्येकडील प्रदेश राजधानीने दशकानुदशके उपेक्षित ठेवला होता. रस्ते नाहीत, शाळा नाहीत, शासनाचा माणूस दिसला तर दिसला. तेथील सशस्त्र गटांनी ‘सेलेका’ नावाची आघाडी उभारली आणि २४ मार्च २०१३ रोजी बांगी जिंकली. अध्यक्ष बोझीझे पळून गेले. आघाडीतील बहुसंख्य लोक मुसलमान होते आणि त्यांत चाड व सुदान येथून आलेलेही पुष्कळ होते. त्यांनी गावे लुटली, जाळली. नव्या अध्यक्षांनी सप्टेंबरमध्ये आघाडी विसर्जित केल्याची घोषणा केली. आघाडी कागदावर विसर्जित झाली, बंदुका झाल्या नाहीत. प्रतिकारासाठी गावोगाव जी पथके निघाली, ती ‘अँटी-बालाका’. ५ डिसेंबर २०१३ रोजी त्यांनी राजधानीवर हल्ला केला, आणि तेथून सूड उगवला गेला तो सेलेकावर कमी आणि शेजारच्या मुसलमान दुकानदारावर अधिक. याला धर्मयुद्ध म्हणणे सोपे आहे, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. लढणाऱ्यांना हिऱ्यांच्या खाणी, गुरांचे मार्ग आणि नाक्यांवरील वसुली हवी होती. धर्म ही माणसे ओळखण्याची खूण झाली.

ख्रिस्ती नागरिक विमानतळाकडे धावले, कारण तेथे फ्रेंच सैनिक होते. म्पोको विमानतळाच्या कडेला, जुन्या मोडक्या विमानांच्या पंखांखाली आणि मेणकापडाच्या आडोशाने, ऐन काळात सुमारे एक लाख माणसे राहिली. त्यांतील बहुतेकांची घरे पायी जाण्याच्या अंतरावर होती. दिवसा एखादा चोरून जाऊन आपल्या घराच्या भिंती पाहून येई. पत्रे आणि दारे नाहीशी झालेली असत. ही छावणी हटली ती २०१७ च्या आरंभी, म्हणजे तीन वर्षांनी. देशभर २०१४ च्या प्रारंभी विस्थापितांची संख्या नऊ लाखांच्या घरात गेली होती.

दुसऱ्या बाजूस पीके-५ मध्ये उरलेले मुसलमान वेढ्यात होते. हजारो जणांना सैनिकी पहाऱ्यात ट्रकांतून चाडकडे नेण्यात आले. त्यांचे प्राण वाचले हे खरे; पण ज्यांच्या बापजाद्यांचा जन्म या देशात झाला, त्यांना ‘परदेशी’ म्हणून निरोप मिळाला. घाऊक व्यापार आणि गुरांची खरेदी-विक्री त्यांच्याच हाती असल्याने ते जाताच बाजार ओस पडले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने पुढे या प्रकाराला वांशिक निर्मूलन असेच नाव दिले. मुसलमानांचे दफनस्थान विमानतळाजवळच्या बोइंग वस्तीत, म्हणजे वेढ्याच्या बाहेर होते. तेव्हा मृतांना तेथवर नेणेही अशक्य झाले.

कायद्याच्या दृष्टीने येथे एक विचित्र भेद आहे. जो सीमा ओलांडून कॅमेरूनमध्ये पोचला तो निर्वासित. त्याला १९५१ च्या कराराचे संरक्षण. जो विमानाच्या पंखाखाली झोपला तो अंतर्गत विस्थापित. त्याचे रक्षण त्याच्याच सरकारने करावयाचे, आणि येथे तर सरकारच उरले नव्हते. आफ्रिकी राष्ट्रांनी २००९ मध्ये कंपाला येथे अशा लोकांसाठी खास करार केला आणि तो २०१२ मध्ये अमलात आला. जगात असा बंधनकारक करार प्रथम आफ्रिकेनेच केला, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

एप्रिल २०१४ मध्ये सुरक्षा समितीने ‘मिनुस्का’ ही शांतिसेना मंजूर केली. तिच्यामुळे असंख्य जीव वाचले, यात शंका नाही. परंतु त्याच वर्षी छावणीतील काही मुलांनी रक्षणासाठी आलेल्या परदेशी सैनिकांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. फ्रेंच न्यायालयाने २०१८ मध्ये कोणावरही आरोप न ठेवता आपल्या सैनिकांविषयीचे प्रकरण बंद केले. मात्र त्याआधी, २०१५ मध्ये, स्वतंत्र चौकशी मंडळाने संयुक्त राष्ट्रांवरच ठपका ठेवला होता: मुलांच्या जबान्यांचे कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत राहिले आणि जबाबदारी कोणी घेतली नाही. सरकारी कचेरीत ज्याने आयुष्य घालविले आहे, त्याला हे वाक्य परके वाटणार नाही. मात्र येथे ज्यांचे कागद फिरत होते ती लहान मुले होती.

बंदुकीविना जे साधले त्याचाही उल्लेख हवा. डिसेंबर २०१३ मध्ये इमाम ओमार कोबिन लायामा यांना धोका निर्माण झाला, तेव्हा बांगीचे आर्चबिशप द्योदोने न्झापालैंगा यांनी त्यांना सहकुटुंब आपल्या निवासात ठेवून घेतले. पास्टर निकोला गेरेकोयामे यांच्यासह हे तिघे गावोगाव एकत्र फिरले. इमाम २०२० मध्ये निवर्तले. आणि २०१६ च्या आरंभी पीके-५ व बोइंग येथील रहिवाशांनी आपसांत तह केला, त्यामुळे मुसलमानांना आपले मृत पुन्हा दफनस्थानात नेता येऊ लागले.

२०१९ मध्ये शासनाने १४ सशस्त्र गटांशी करार केला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस त्यांतील काही गट पुन्हा उठले आणि जानेवारी २०२१ मध्ये बांगीच्या वेशीवर आले. रशियन भाडोत्री सैनिक व रवांडाचे सैन्य यांच्या साहाय्याने शासनाने त्यांना मागे रेटले. परंतु या रशियनांवरही नागरिकांच्या हत्यांचे आरोप आहेत. न्यायाची पावले मंद, तरी पडत आहेत. देशातच स्थापन झालेल्या विशेष फौजदारी न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिला निकाल दिला. हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी अँटी-बालाकाचे दोन नेते, येकातोम आणि न्गाइसोना, यांना अनुक्रमे १५ व १२ वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांच्यावर सिद्ध झालेल्या गुन्ह्यांत मुसलमानांना घरांतून बळाने हुसकावून लावणे हाही एक आहे. परतलेल्यांपैकी अनेकांच्या घरांत आता दुसरी माणसे राहतात, आणि घर आपलेच हे दाखवावयाचे कागद घरांबरोबरच जळून गेले आहेत.