खाल्डियन कोण होते?

सन १९१७ मध्ये पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना एक गौरवग्रंथ अर्पण करण्यात आला. त्यात ‘खाल्डियन आणि भारतीय वेद’ या विषयावर लोकमान्य टिळकांचा एक इंग्रजी निबंध आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात सर्पविष उतरविण्याचे एक सूक्त आहे. त्यातील ‘तैमात’, ‘आलिगी’, ‘विलिगी’, ‘उरुगूला’ हे शब्द भाष्यकारांना नीटसे उलगडत नव्हते. टिळकांनी त्यांचा माग युफ्रेटीस-टायग्रिसच्या खोऱ्यापर्यंत नेला, आणि ‘तैमात’ म्हणजे तेथील पुराणकथांतील सागररूपिणी तियामत होय, असे प्रतिपादन केले.

पण हे खाल्डियन कोण? त्यांची भूमी म्हणजे आजच्या इराकचा अगदी दक्षिण भाग. तेथे दोन्ही नद्या समुद्राजवळ येऊन पसरतात. जिकडे तिकडे पाणथळ, बोरूची बने आणि खजुरीची झाडे. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील असुरी लेखांत या लोकांचे नाव प्रथम आढळते. त्यांच्या टोळ्यांची नावे ‘बीत-याकीन’, ‘बीत-दक्कूरी’ अशी असत. ‘बीत’ म्हणजे घर. आपण ‘घराणे’ म्हणतो, तसेच हे. असुरी सम्राटांशी त्यांचे पिढ्यानपिढ्या वैर चालले. आपल्याकडे सह्याद्रीच्या डोंगरदऱ्यांनी जो आश्रय दिला, तो त्यांना बोरूच्या बनांनी दिला. बीत-याकीनचा नायक मर्दुक-अपल-इद्दिन दोनदा बाबिलोनचा राजा झाला, आणि दोन्ही वेळा पदच्युत होऊन अखेर एलामला पळून गेला.

ख्रिस्तपूर्व ६२६ मध्ये नबोपोलस्सर बाबिलोनच्या गादीवर आला. त्याच्या वंशास इतिहासकार खाल्डियन वंश म्हणत आले आहेत. त्याने मीडी लोकांच्या साहाय्याने ६१२ मध्ये निनेव्हे पाडले; पुत्र नेबुखद्नेझर याने बाबिलोनचे वैभव शिखरास नेले. ५३९ मध्ये इराणच्या कुरुश राजाने ते राज्य जिंकले. सत्ता गेली, नाव मात्र उरले. ग्रीक व रोमन लोक ‘खाल्डियन’ म्हणजे ज्योतिषी समजू लागले. आणि एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी त्या देशाच्या सर्वच पुरातन काळाला हे नाव लावले.

टिळकांनीही हे नाव याच व्यापक अर्थाने घेतले आहे. तियामतची कथा या टोळ्यांची नव्हे. ती त्यांच्याहून जुनी, बाबिलोनी परंपरेतील आहे. तेव्हा प्रश्न खाल्डियनांचा नसून त्या भूमीशी आपला संबंध किती जुना, हा आहे. टिळकांच्या हाती केवळ शब्द होते. १९२० मध्ये ते निवर्तले. सिंधू संस्कृतीचा शोध जाहीर झाला १९२४ मध्ये. पुढे ऊर नगराच्या उत्खननात सिंधूच्या धर्तीच्या मुद्रा सापडल्या. अक्कडचा राजा सार्गोन याच्या लेखात मेलुह्हाची गलबते आपल्या धक्क्याला लागल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. आणि मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे बहुतेक विद्वान मानतात.

तथापि मुद्रेने व्यापार सिद्ध होतो, शब्दाची उसनवारी नव्हे. ‘तैमात’ म्हणजे तियामतच, यावर आजही एकमत नाही. ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही. त्यासाठी काळ, मार्ग आणि माणसे यांचा पुरावा लागतो. परंतु वेदांतील एखादा शब्द परदेशातून आला असेल, हे वेदांविषयी परम आदर बाळगणाऱ्या टिळकांनी निःसंकोच मांडले. त्यांच्या उत्तराचा निर्णय काळ करील. प्रश्न विचारण्याचे ते धैर्य मात्र आपण जतन केले पाहिजे.