रक्तातील साखर आणि बिंबाणू



जखमेतून वाहणारे रक्त काही मिनिटांत थांबते, ते बिंबाणूंमुळे. डॉक्टर त्यांना प्लेटलेट म्हणतात. एका घन मिलिमीटर रक्तात ते साधारणपणे १.५ ते ४.५ लाख असतात. मधुमेहात साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि बिंबाणू क्षुल्लक कारणानेही उत्तेजित होऊन एकमेकांस चिकटू लागतात. अशी गुठळी हृदयाच्या वा मेंदूच्या रक्तवाहिनीत झाली, तर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात ओढवतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बिंबाणूंची संख्या योग्य आढळली म्हणजे त्यांचे वर्तनही योग्य आहे, असे नव्हे. म्हणून 'काही दुखत नाही' या समाधानावर मधुमेहाचे उपचार सोडू नयेत. वैद्यकीय सल्ल्याविना अ‍ॅस्पिरिन घेणेही धोक्याचे. त्याने रक्तस्राव होऊ शकतो.

उपाशीपोटी १०० मिलिलिटर रक्तात साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास पुन्हा तपासणी करून मधुमेहाचे निदान होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील साखर तपासली जाते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक ग्रामस्थास तेथवर नेण्याचे काम शिक्षक व पंचायत सदस्यांनी अंगावर घ्यावे, एवढीच विनंती.