समुद्रातलं तेल आणि कागदावरचा खर्च



कॅस्पियन समुद्राच्या उत्तर टोकाला, कझाकस्तानच्या हद्दीत, काशागान नावाचं तेलक्षेत्र आहे. 2000 साली ते सापडलं तेव्हा गेल्या तीसेक वर्षांतला सगळ्यांत मोठा शोध म्हणून त्याचा गाजावाजा झाला. एनी, शेल, एक्सॉनमोबिल, टोटाल अशा बड्या बड्या कंपन्या भागीदार होत्या. तेल 2005 मध्ये यायचं होतं. ते आलं सप्टेंबर 2013 मध्ये, आणि ऑक्टोबरात बंद पडलं! तोवर सुमारे 50 अब्ज डॉलर खर्ची पडले होते.

एवढा पैसा गेला कुठे? तिथे पाणी जेमतेम तीन-चार मीटर खोल. आपल्या मुंबई हायला ते पाऊणशे मीटर आहे, पण तिथे पोलादी सांगाडे तळावर रोवले आणि 1974 मध्ये लागलेलं तेल 1976 मध्ये वर आलं. उथळ पाणी म्हणजे सोपं काम, असं वाटणं साहजिक आहे. पण काशागानला हिवाळ्यात समुद्र गोठतो. बर्फाचे थर वाऱ्याबरोबर सरकतात आणि तळ खरवडत जातात, त्यांच्यापुढे खांबांवरचा फलाट टिकायचा नाही. म्हणून दगड टाकून बेटंच उभारावी लागली. कॅस्पियन चहूबाजूंनी बंद, त्यामुळे अवजड यंत्रसामग्री व्होल्गा आणि डॉनच्या कालव्यातून आणायची, आणि तो कालवाही हिवाळ्यात बंद. म्हणजे एक खेप चुकली की वर्षाचं गणित चुकलं.

त्यात हे तेल चार किलोमीटरहून खोल, प्रचंड दाबाखाली, आणि त्याच्यासोबतच्या वायूत हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण 15 टक्क्यांच्या पुढे. हा वायू अगदी थोडा जरी श्वासात गेला तरी माणूस दगावतो, शिवाय तो पोलादाला आतून तडे पाडतो. बेटांपासून किनाऱ्यापर्यंत टाकलेल्या नळांचं नेमकं हेच झालं. गळती सापडली, एक जागा दुरुस्त केली, तर दुसरीकडे तडा. शेवटी जवळजवळ 200 किलोमीटरचे नळ काढून महागड्या मिश्रधातूचं अस्तर असलेले नवे टाकले, तेव्हा कुठे 2016 च्या ऑक्टोबरात तेल पुन्हा सुरू झालं.

आपलाही यात हात पोळता पोळता वाचला. ओएनजीसी विदेशने 2012 मध्ये कोनोकोफिलिप्सचा काशागानमधला 8.4 टक्के हिस्सा सुमारे 5 अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं होतं. कझाकस्तान सरकारने आपला अग्रहक्क वापरून तो सौदा मोडला आणि पुढे चिनी कंपनीला हिस्सा दिला. दिल्लीत हळहळ झाली. सौदा मोडल्यावर थोड्याच महिन्यांत नळ फुटले.

आता कुणी म्हणेल, ही सगळी निसर्गाची करणी. अर्धंच खरं आहे. समुद्रात तेल शोधताना जमिनीखाली काय आहे हे खणल्याशिवाय पुरतं कळत नाही, आणि खणण्याचा खर्च तर आधीच सुरू झालेला असतो. गावात बोअर मारताना पाणी लागो न लागो, फुटाचा दर द्यावाच लागतो, तसंच हे. फरक रकमेचा. 2013च्या सुमारास खोल समुद्रातल्या एका रिगचं भाडं दिवसाला पाच-सहा लाख डॉलर होतं. वादळ आलं, रिग नुसती उभी राहिली, तरी मीटर चालूच.

आणि हे भाडंही स्थिर नसतं. तेल शंभर डॉलरच्या वर गेलं की सगळ्यांनाच विहिरी खणायच्या असतात. रिग, पोलाद, वेल्डर, जहाजबांधणीचे धक्के, सगळ्यांचे दर चढतात. 2014 च्या मध्यानंतर भाव कोसळले आणि उलटं झालं. नॉर्वेच्या योहान स्वेरद्रुप या क्षेत्राच्या पहिल्या टप्प्याचा अंदाज 2015 मध्ये 123 अब्ज क्रोनर होता. प्रत्यक्षात काम 83 अब्जांच्या आसपास झालं, तेही ठरल्या वेळेआधी, 2019 च्या ऑक्टोबरात. तिथल्या अभियंत्यांचं कौशल्य वादातीत आहे, पण मंदीचा हातही मोठा होता, हे विसरू नये.

खरी मेख मात्र करारात असते. काशागानचा करार असा, की तेल निघालं की कंपन्यांनी आधी आपला खर्च वसूल करायचा, मग उरलेल्या नफ्यात सरकारचा वाटा. म्हणजे खर्च जितका फुगेल तितका सरकारचा पैसा लांबणीवर. 2007 मध्ये पहिल्या टप्प्याचा खर्च 10 वरून 19 अब्ज डॉलरवर गेला तेव्हा कझाकस्तान सरकारचा संयम सुटला, आणि 2023 मध्ये ते अब्जावधींच्या खर्चावर हरकत घेऊन लवादात गेलं.

आपल्याकडे हाच वाद कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रंगला. रिलायन्सच्या केजी-डी6 मधल्या वायूसाठी 2004 मध्ये सुमारे 2.4 अब्ज डॉलरचा आराखडा मंजूर झाला. 2006 मध्ये आकडा 8.8 अब्जांवर गेला. कंपनीचं म्हणणं, रोजचं उत्पादन 40 ऐवजी 80 दशलक्ष घनमीटर करतोय, बाजारात रिगही महागल्यात. त्यात तथ्य होतं. पण वायू 2009 मध्ये आला, 2010 मध्ये साठीच्या आसपास पोचला आणि 2013 संपेपर्यंत त्याच्या पाव हिश्श्याच्याही खाली गेला. ऐंशीसाठी उभारलेली यंत्रणा अर्ध्याहून अधिक रिकामी राहिली.

हिशेब कसा होता ते पाहा. शंभर रुपयांचा वायू विकला, तर त्यातले नव्वद रुपयांपर्यंत खर्चापोटी वळते करता येत. उरलेल्या दहांत सुरुवातीला सरकारचा वाटा दहा टक्के, म्हणजे एक रुपया. रॉयल्टी वेगळी. गुंतवलेल्या भांडवलाच्या अडीच पट वसुली झाली की हा वाटा 85 टक्क्यांपर्यंत चढणार होता. पण भांडवलच वाढत राहिलं तर ती पट गाठायची कधी? कॅगने 2011 च्या अहवालात याच रचनेवर बोट ठेवलं: खर्च आटोक्यात ठेवण्याची कंपनीला गरजच काय?

उपाय काय, यावर तज्ज्ञांत एकमत नव्हतं. रंगराजन समितीने सांगितलं, खर्चाकडे बघूच नका, विक्रीतला ठरीव वाटा घ्या. पुढे विजय केळकरांच्या समितीचा कल जुन्याच पद्धतीकडे, तीच सुधारून वापरण्याकडे होता, कारण सगळी जोखीम कंपनीवर टाकली तर खोल समुद्रात उतरणार कोण? 2016 मध्ये सरकारने रंगराजन यांचा मार्ग धरला. मला स्वतःला तो पटतो, निदान हिशेब तपासायला लेखापरीक्षकांची फौज लागत नाही. पण केळकरांची शंका अनाठायी नव्हती. 2018 च्या पहिल्या फेरीत 55 पैकी 41 क्षेत्रं एकट्या वेदांताने घेतली, उरलेली बहुतेक सरकारी कंपन्यांनी. परदेशी दिग्गज फिरकले नाहीत.

आणि कंपनीच सरकारी असेल तर? केजी खोऱ्यातलंच ओएनजीसीचं 98/2 हे क्षेत्र घ्या. 2016 मध्ये त्यासाठी 5 अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीला मंजुरी मिळाली. तेल 2020 च्या मार्चमध्ये यायचं होतं, आलं 2024 च्या जानेवारीत. मधे कोविडची वर्षंही गेली. पण ओएनजीसीचे निम्म्याहून जास्त समभाग सरकारचेच आहेत. तेव्हा करारात जोखीम कुणाच्याही नावावर लिहिलेली असो, इथे उशिराचं बिल मोठ्या प्रमाणात फिरून सरकारी तिजोरीकडेच येतं.